पोट साफ केलेला मासा

नाही, काका, तिथेच उभे राहा. माझ्या गळाच्या काठीला हात लावू नका. आणि पाठीमागे काय लपवताय? — काही नाही? मग पिशवीतून पाणी कसं गळतंय? सहज विचारते हो! एरवी तुम्ही तुमच्या भाड्याच्या छत्र्या-खुर्च्या सोडून इकडे फिरकत नाही, आणि नेमकी मी आमिष खणायला गेले की तुमची पावलं माझ्या काठीपाशी — वाळूत उमटतात ना, आंधळी आहे का मी? आधी वाटलं, मासे चोरता. पण चोर मासे नेतो, ठेवून नाही जात.

हा डबा बघा. सगळे किडे मी काढलेत. वाळूवर बारीक वेटोळ्यांची ढिगुली दिसते, तिच्या बाजूला भोक असतं — त्या दोघांच्या मधे खणायचं, फावडं सरळ घालायचं, नाहीतर किडा तुटतो. आजोबांनी शिकवलं. आणि खड्डा बुजवायचा, कुणाचा तरी पाय मुरगळतो — हेही त्यांनीच. आधी तेच खणायचे, मी नुसता डबा धरायचे. आता किनाऱ्यावरच्या त्या पायऱ्याच उतरवत नाहीत त्यांना, वर कठड्यापाशी बसतात आणि हात हलवतात. बघा, आत्ताही — हलवा ना तुम्हीपण, नाहीतर संशय येईल त्यांना!

हां, तर मागच्या रविवारी म्हणाले, "आमिष संपलं असेल, जा, खणून आण." अर्धा डबा भरलेला होता! तरी गेले. परत येते तर गळाला मासा. आणि गार! — फ्रीजमधल्या दुधाच्या पिशवीइतका गार. समुद्र असतो का एवढा गार? मी पाय घालून बघितला, कोमट होता. शिवाय गळ बाहेरून आत टोचलेला. मासा काय कानात डूल घालतात तसा स्वतःच टोचून घेतो? आणि आज तर कमालच — काढा तो पिशवीतून, काढा. हे बघा, पोट कापलेलं, आतून स्वच्छ! आतडी घरी ठेवून पोहायला निघाला होता का हा?

हसू नका. मला नाही हसू येत. आजोबांनीच सांगितलं ना तुम्हाला? — वर कठड्याकडे बघितलंत म्हणजे त्यांनीच. मला फसवतात, मी काय कुकुलं बाळ आहे? राग आलाय मला, खूप. पण आई म्हणते, मासा मिळत नसेल तर आजोबांनी वाऱ्यात बसून दम कशाला लावून घ्यायचा, घरीच बसा दोघं. म्हणून तर मागच्या वेळी मी आईला — ते जाऊ द्या. — बरं, सांगितलं मी तिला, काय जोर होता त्या माशाला, काठीच ओढून नेत होता! मग काय सांगणार? ते एकदा घरी बसले ना, की बसलेच. मला भीती वाटते त्याची. तुम्ही यातलं त्यांना बोलायचं नाही. मला कळलं नाही असंच वाटू दे त्यांना.

द्या इकडे, मी लावते. आतून बाहेर, असा. कापलेली बाजू माझ्याकडे — एवढ्या लांबून त्यांना नाहीतरी धड दिसत नाही. आणि पुढच्या रविवारी सबंध आणा, कळलं? आणि आधी जरा पाण्यात बुडवून ठेवा, गारवा जाईपर्यंत. — आजोबा! लागला, लागला! केवढा मोठा! — तुम्ही जा हो काका, उभे काय राहिलात? छत्र्या उडतायत तुमच्या.