रिकामी चौकट

कुलसचिव : नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या भिंतीला हसू नका, बाई. न्यायमूर्ती आहेत तिच्यावर, गायिका आहेत, राजदूत आहेत, झालंच तर देशाचा यष्टिरक्षक आहे.

बाई : तो इथं शिकला? वसतिगृहात राहून माझ्या बागेतल्या काठ्या उपटायचा, स्टंप म्हणून. परीक्षेच्या हॉलमध्ये काही कधी दिसला नाही.

कुलसचिव : आज आपल्या विद्यापीठाचं नाव तर लावतो!

बाई : तो कुठं लावतो? आपण त्याचं लावतो.

कुलसचिव : असो. कुलगुरूंचं म्हणणं सरळ आहे. ज्या विभागाचा एकही माणूस या भिंतीवर नाही, तो विभाग बंद. तुमच्या वनस्पतिशास्त्राची चौकट तेवढी रिकामी राहिलीय. आणि संध्याकाळी फोटो छापायला जातायत.

बाई : मी माझ्या एका विद्यार्थिनीचं नाव दिलं होतं. तांबेरा न पडणारा गहू काढला त्या मुलीनं.

कुलसचिव : पण तिला ओळखतं कोण?

बाई : खरंय. लोक नुसते जेवतात.

कुलसचिव : त्यापेक्षा ते केशतेलवाले घेऊ. घरोघरी बाटली आहे त्यांची. 'वनस्पतींचा जादूगार' म्हणतात.

बाई : तो? अहो, प्रात्यक्षिक परीक्षेला पानांचा संग्रह घेऊन आला, त्यात एक पान प्लास्टिकचं! वर मलाच म्हणतो, 'शिरा किती ठळक आहेत बघा.' नापास केला. पुन्हा फिरकला नाही.

कुलसचिव : म्हणजे तुमचाच विद्यार्थी झाला की! तेवढंच लिहून सही करून द्या. पदवीचं आम्ही बघतो, मानद देऊन टाकू.

बाई : लाज नावाची काही गोष्ट?

कुलसचिव : ती कोणत्या विभागाकडे येते? हे बघा, विभाग बंद झाला तर तुमचे दोन्ही तरुण प्राध्यापक घरी बसतील. मग तुमचं रोपांचं काचघर पाडून तिथं पाहुण्यांच्या गाड्या लावायचं ठरलंच आहे.

बाई : तुम्हीसुद्धा माझ्याच हाताखाली शिकलात ना?

कुलसचिव : मग! पहिला वर्ग होता माझा. तुम्ही मात्र कधी कुणाला सांगत नाही.

बाई : विभागाची अब्रू जपावी लागते.

कुलसचिव : बोला, बोला, खुशाल बोला. पण काचघराचं काय करू, ते सांगा.

बाई : ...त्या तेलवाल्याचा फोटो तरी दाखवा.

(कुलसचिव मोबाइल पुढे करतात.)

कुलसचिव : काय रुबाब आहे! हातात कुंडी धरलीय बघा. मुद्दाम तुमच्या विषयाला शोभेल असा काढून पाठवलाय.

बाई : जरा मोठा करा. चेहरा नको. पानं.

कुलसचिव : का हो, काय झालं?

बाई : काही नाही. शिरा ठळक आहेत. पेन द्या.