हॅरिएटच्या गाडीवरचा ड्रायव्हर

—नाही, तसं नको लिहू. पोरगा बेफाम चालवत होता असं मी कुठं म्हणालो? मी म्हणालो, गाडी नातू चालवत होता आणि मी मागच्या शिटावर झोपलो होतो. एवढंच. दोन वाक्यं. तुझ्या इन्शुरन्सच्या हापिसनं मराठी येणारी म्हणून तुला धाडली ना इथं शॉमबर्गला, मग दोन मराठी वाक्यं लिहायला किती वेळ—काय नाव म्हणालीस? रुचा. नागपूरची. बरं. चहा पी, निवतोय. लेक कामाला गेलीय म्हणून मी केलाय, साखर जास्त पडली असंल तर बोलू नको. नातू? तो त्या लॉकीला घेऊन दवाखान्यात गेलाय, प्लास्टर दाखवायला. ड्रमवाला लॉकी—त्याचंच मनगट मोडलं ना त्या दिवशी. बाकीच्यांना खरचटलं. मला? मला काय होतंय. म्हातारी हाडं सुकलेली असतात, वाजतात, मोडत नाहीत.

गाडीत कोण कोण होतं? त्या दिवशी का एकंदर? एकंदर विचारशील तर तुझी वही पुरायची नाही, पोरी. दर वर्षी नवी तोंडं. बँड आहे त्यांचा—लग्नातला नव्हे, लग्नात हे लोक वाजवायला लागले तर नवरी मांडवातून पळून जाईल. मेटलकोर म्हणतात त्याला. एक जण ओरडतो, दुसरा गोड गातो, आणि मधेच सगळं एकदम संथ होतं, धाड—धाड—धाड, आणि खालची पोरं एकमेकांना तुडवायला लागतात. त्याला ब्रेकडाऊन म्हणतात. आमच्याकडे ब्रेकडाऊन झालं की पॅसेंजर आईवरून शिव्या द्यायचे, इथं तिकीट काढून त्याच्यासाठी येतात. नाव काय तर हर्स फॉर हॅरिएट. हर्स म्हणजे मयताची गाडी. मी विचारलं, ही हॅरिएट कोण? कुणी नाही म्हणे, आबा, नुसतं नाव आहे. जितंजागतं माणूस नाही आणि मयताची गाडी तयार! पण बँड काढला माझ्या नातवानं. परीक्षितनं, परी म्हणतो आम्ही. माझा थोरला राजीव ऑस्ट्रेलियात आहे, अ‍ॅडलेडला, त्याचा हा. सोळा वर्षांचा असताना बापाच्या गॅरेजात चार गोऱ्या पोरांना गोळा करून सुरू केला, एकटा काळा तो, आणि आज त्या पाचांतला तोच एकटा उरलाय. हे लिहू नको, हे असंच सांगतोय.

मी कसा त्यात? तेच तर. दोन हजार तीन साली पहिल्यांदा अमेरिकेत आली ती पोरं, ह्याच घरात उतरली, खाली बेसमेंटात. एक पंधरा शिटांची जुनी व्हॅन घेतली, आणि निघाली तर पहिल्याच वळणाला उलट्या बाजूनं! ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच आहे ना, डावीकडून. समोरून बाई हॉर्न मारतेय आणि हे दात काढतायत. मी बाहेर अंगणात उभा होतो, चार वर्षं ह्या घरात नुसता खाऊन बसलेला, जावयाच्या गवताला पाणी घालणारा. गेलो, दार उघडलं, म्हणालो, सरक तिकडं. एकतीस वर्षं एसटी चालवलीय मी, सिन्नर डेपो. विनाअपघाताचा बिल्ला आहे, आण म्हणालीस तर आणतो—नको? बरं. चौथी नापास माणूस, पण स्टेअरिंगवर बसलो की मला वाचता यायची गरज पडत नाही. आणि उजवीकडून चालवायला मी इथं येऊन शिकलो होतो, हाताला सांगून सांगून, पोथी पाठ करतात तसं. तेव्हापासून चार खेपा केल्या त्यांच्याबरोबर. टेक्सास पाह्यलंय का तू? मी दोनदा पाह्यलंय. पोरं मागं झोपलेली आणि मी.

आणि एकेक सोडून जायला लागला. पहिला गाणारा ट्रॅव्हिस—काय गोड पोरगं, माझ्या हातची पिठलं-भाकरी खायचा, दोन हजार चारला विमानतळावर उतरला आणि तिथूनच परत गेला. का? तर लग्न ठरलं. अरे, मग येतोस कशाला इथपर्यंत, फोन करायचा! परी बिचारा खुर्चीत बसून राह्यला तासभर. मग दुसरा आणला, त्याचा गळा बसला, डॉक्टर म्हणाला आणखी ओरडलास तर बोलणं बंद होईल. मग हा आत्ताचा, नखं काळी रंगवतो तो. ड्रमवाले तर किती! लॉकी चौथा. आमच्या डेपोत कंडक्टर बदलायचे तसं—सकाळी बघावं तर नवीनच माणूस बेल मारतोय. पण कंडक्टरची बदली साहेब करतो. ह्यांची कोण करतंय? कुणाला पोरगी, कुणाला कंटाळा, कुणाला म्हणे आपलं संगीत फार गोड व्हायला लागलं. गोड! मी कानात कापूस घालून चालवतो आणि ह्यांना गोड वाटतं. आणि दर खेपेला माझं पोरगं नव्याला सगळं पहिल्यापासून शिकवतंय—हे असं, इथं थांब, इथं ओरड. मी म्हणायचो, सोड रे परी, कुणासाठी करतोस? तो म्हणायचा, "आबा, नेक्स्ट वन विल स्टे." पुढचा राहील. पाच वर्षं तेच ऐकतोय मी. एवढं इंग्रजी मला पाठ झालंय.

त्या दिवशीचं म्हणतेस? सांगतो ना. घाई आहे का तुला? आधी कोडीचं सांगू दे, त्याच्याशिवाय पुढचं नीट लागायचं नाही. ह्या उन्हाळ्यात त्यांच्या बेसवाल्याचा, ते जाड तारांचं गिटार वाजवतो त्याचा, बाप आजारी पडला, तो गेला घरी. मग परीनं इथलाच एक घेतला, ओहायोचा. अमेरिकन. पहिला अमेरिकन त्यांच्यात. आला तो सरळ पुढच्या शिटावर, माझ्या शेजारी. आणि वळण आलं की सुरू—"राइट, ग्रँडपा, स्टे राइट. राइट, राइट." अरे बाबा! कळतंय मला. तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय. पण नाही. पंपातून बाहेर पडलो की राइट. चौक आला की राइट. हा उंटावरून शेळ्या हाकणार आणि मी ऐकणार? मागं पोरं फिदीफिदी हसायची. एक दिवस दोनदा हात घातला त्यानं स्टेअरिंगला. माझ्या स्टेअरिंगला! एकतीस वर्षांत कलेक्टरसाहेबानं हात नाही घातला. मी गाडी कडेला घेतली आणि परीला खाली बोलावलं. म्हणालो, हा तरी राहील, नाहीतर मी. बघ तुझं तू.

काय करणार तो? आजा की बेसवाला. वाटेत ओमाहा गाव लागलं, तिथं कोडीला घरच्या बसमध्ये बसवून दिलं. पोरगं रडलं नाही, काही नाही, माझ्याशी हात मिळवला. "टेक केअर ऑफ देम," म्हणाला. मी बघितलं दुसरीकडं. नखवाला परीला म्हणाला, आता बेस कोण वाजवणार, तुझा ग्रँडफादर? दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही गाडीत. —हे सगळं लिहितेयस का? नको लिहू. तुला फक्त अ‍ॅक्सिडेंटचं पाह्यजे ना.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी. सात वाजले असतील. एका पंपावर थांबलो, पोरांनी कॉफी घेतली, गोड पाव घेतले, आणि निघालो. छोटा रस्ता, मधे एक पिवळी रेघ, दोन्हीकडं मका कापून नेलेली, नुसती खुंटं. एक गाडी नाही, माणूस नाही. मी झोपलो होतो मागं. हां. झोपलो होतो. पण जाग असते ना अर्धी, ड्रायव्हरची झोप ती. आणि पोरी, काय सांगू, इतकं बरं वाटलं त्या रस्त्यावर. ह्या देशात आल्यापासून गाडी चालवताना माझ्या खांद्यात एक गाठ असते, इथं, मानेखाली. ती सुटली. रस्ता आपला वाटला. सिन्नरहून नायगावला सकाळची पहिली गाडी घेऊन निघावं तसं, हातानं आपोआप जावं. कडेचं गवत खिडकीला घासत होतं, आरशात गवतच गवत. परी शेजारी पाव खात होता, पाय वर घेऊन. नखवाला पहिल्यांदाच हसून काहीतरी बोलला. सगळ्यांना बरं वाटत होतं. दोन मैल असंच. कुणी काही म्हणालं नाही. म्हणेल कोण? सगळेच डाव्या बाजूला जन्मलेले. कुणाच्या डोळ्याला खुपलंच नाही ते. आणि मग चढावरून तो मक्याचा ट्रक आला—समोरून, सरळ अंगावर, आणि मी म्हणालो, हा गाढव उलट्या बाजूनं काय येतोय? मी त्याला डिपर मारला! दोनदा! तरी हटेना, मग मी डावीकडं दाबली, आणखी डावीकडं, आणि खाली नाला होता तो—

का थांबलीस लिहायची?

हं.

मागच्या शिटावरून डिपर मारता येत नाही. बरोबर आहे. तू हुशार आहेस.

बघू नको माझ्याकडं अशी. ट्रकवाला परत मागं येईपर्यंत आम्ही सगळे बाहेर आलो होतो, त्याला काय माहीत कोण कुठं बसलं होतं. पोलीस आला आणि मी तोंड उघडायच्या आत परी पुढं झाला. "आय वॉज ड्रायव्हिंग." मला म्हणाला, आबा, तू गप बैस. का, तर माझं लायसन जूनमध्येच संपलेलं. माझ्या खिशात होतं, मला माहीत होतं, कुणाला बोललो नाही. परत काढायला गेलो तर डोळे तपासतील, आणि डाव्या डोळ्यात पडदा आलाय ते निघेल, मग बसा गवताला पाणी घालत. हे परीला खड्ड्यातून वर आल्यावर सांगितलं मी. लॉकी तिथं मनगट धरून ओरडत होता, आणि ते स्टेजवरचं ओरडणं नव्हतं, पोरी. ते निराळं असतं. मला आजवर फरक कळत नव्हता.

आणि कोडी असता तर? सांग ना. "राइट, ग्रँडपा." दोन शब्द. पंपातून बाहेर पडतानाच म्हणाला असता.

परी म्हणाला, काही होत नाही, आबा, दंड होईल, मी बघून घेईन. मी ऐकलं. मला सोयीचं होतं ते, मग ऐकलं. आठ दिवस ह्या घरात मी तेच सांगतोय, लेकीला, जावयाला, झोपलो होतो, झोपलो होतो. पण जावई म्हणतो, पोलिसात नाव लागलं की व्हिसाच्या खिडकीवर विचारणार, पुढच्या साली सोडतील न सोडतील. आणि वसंतात त्यांची मोठी खेप आहे, आजवरची सगळ्यांत मोठी, कुठल्या तरी नावाजलेल्या बँडच्या पुढं वाजवायचंय. काल दुपारी मी कपडे धुवायला खाली गेलो तर तो नखवाला फोनवर. मला वाटतं अ‍ॅडलेडच्याच कुणाशी. मला इंग्रजी कळत नाही असं ते धरून चालतात, म्हणून माझ्या देखत बोलतात. "पॅरी'ज आउट," म्हणाला. परीला ते पॅरी म्हणतात. त्याच्या जागी नवा गिटारवाला बघतायत. आउट कळतं मला, एवढं क्रिकेट बघितलंय. त्याच्याच बँडमधून! गॅरेजात ज्यानं जन्माला घातला त्याला! सगळ्या बदल्या बघितल्या मी पाच वर्षं, वाटलं नव्हतं की ही बदली माझ्या सहीनं होईल. परीला अजून पत्ता नाही. काल रात्री जेवताना त्या नखवाल्याला पोळी वाढत होता तो. मी ताट घेऊन उठलो.

तर खोड ते. वरचं सगळं. नवीन कागद घे, हा खाडाखोडीचा नको, साहेब लोकांना संशय येतो. लिही. गाडी मी चालवत होतो. गुरुनाथ खंडेराव सांगळे, वय सत्तर. लायसन नव्हतं. बाजू चुकली. नातू शेजारी बसला होता, त्याचा हात स्टेअरिंगला लागलेला नाही. मला वाचवायला म्हणून तो पोलिसाला खोटं बोलला, ते मी बोलायला लावलं असं लिही. नाही लावलं, पण लिही. आणि गाडीत एक अमेरिकन होता, चांगला पोरगा, त्याला मी काढला, हेही लिही. काय गरज? मला गरज आहे. तुझ्या हापिसला नसली तरी लिही.

झालं? वाचून दाखव. नको, राहू दे, तेवढा वेळ नाही. सही कुठं करू? इथं? मराठीत करतो, तीच येते. कागद धर जरा, सरकतोय.

गॅरेजचं दार वाजतंय. आले ते. ऊठ, पिशवी घे, पुढच्या दारानं जा. कागद आत घाल, हातात धरू नको असा. आणि परी भेटला अंगणात तर थांबू नको, तो गोड बोलून फाडायला लावील तुला, मी ओळखतो त्याला. पोरी, आता विचारू नको मला काही. सांगायचं ते सांगून झालं. जा म्हणतो ना—ओढून घे ते दार.