हिरवी खूण

अरे राव, मी ज्या कंपनीत असेंब्ली लाइनवर आहे ना, त्याच कंपनीची मोठी स्कूटर घेतली आणि तिनं जीव काढला. गारठ्यात दहादा बटण दाबल्यावर चालू व्हायची, साठच्या पुढं हँडल थरथरायचं. परवा कुरुळीजवळ बायको मागं बसलेली असताना हँडल असं हललं, की ट्रकखालीच जायचो.

तसेच दोघं मेकॅनिककडे गेलो. प्लग बदलल्यावर स्कूटर लगेच चालू झाली. मग त्यानं पुढचं कव्हर खोललं.

"भाऊ, हँडलचा नट सैल आहे. वर हिरवी खूण मात्र केलीय! न आवळता खूण करणारा गाढव कोण?"

आमच्या लाइनवर नट आवळला, की ज्यानं त्यानं आपल्या रंगाच्या मार्करनं खूण करायची असते.

बायको माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती. तिथला हिरवा डाग ती तीन वर्षं घासतेय.