दोन्ही पंख बघितले का?

मंडळी, आपण सगळे वसुधा मॅडमसाठी जमलो आहोत. बोलणं माझं काम नाही. मी सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभा राहणारा माणूस. पण मॅडमच्या बहिणीनं, निर्मलाताईंनी सांगितलं, "भामरे, तुम्ही बोला." म्हणून उभा आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं शिक्षण दहावी. बाकीचं मी स्वतः शिकलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. घोटीच्या पुढे ओढ्यावर मासे धरायला जायचो. तिथं दगडाखाली एक अळी सापडली, वाळूचे कण चिकटवून नळीसारखं घर बांधलेली. ती घेऊन मी मॅडमच्या कॉलेजच्या दारात गेलो. त्या प्राणिशास्त्राच्या मॅडम, मी तेलकट कपड्यातला. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठल्या दगडाखाली? उन्हातल्या की सावलीतल्या?"

त्या दिवसापासून मी त्यांचा.

ती कॅडिसफ्लाय नावाच्या कीटकाची अळी होती; त्याला आम्ही नुसतं माशी म्हणायचो. मोठी झाली की पतंगासारखी दिसते, पंखांवर केस. मॅडमनी त्यांच्याकडच्या एका मोठ्या माशीच्या पंखावरचे केस ब्रशनं झाडले आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. मंडळी, नखाएवढा पंख! त्यात शिरा, शिरांना फाटे, प्रत्येक फाटा आपल्या जागी. मी आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम केलं. असं काम कुठल्याही मशीनवर होत नाही. म्हणालो, "मॅडम, हे आखलं कुणी?" त्या म्हणाल्या, "आधी मोजा तरी."

मग मोजत गेलो. पंखांचे फाटे, पायांवरचे काटे: पुढच्या पायावर दोन, मधल्यावर चार, मागच्यावर चार. एकाच गटातल्या जाती वेगळ्या ओळखायचा तक्ता आम्ही दोघं करत होतो.

सुरगाण्याच्या एका नमुन्यात पहिला फाटाच नव्हता. मला वाटलं, नवी जात! कारखान्यात पेढे वाटले. मित्र म्हणाले, "भामरे, माशीचं बारसं कधी?" मॅडमनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "दोन्ही पंख बघितले का?"

नव्हते बघितले. उजव्या पंखात फाटा होता. जन्मतःच एका बाजूनं अधू असलेली साधी माशी! मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पेढा चांगला होता."

आता जे सांगायचं, ते अवघड आहे. तक्त्यातली शेवटची ओळ रिकामी होती. पंख अगदी सारखे असलेले नमुने. मॅडम म्हणायच्या, या दोन जाती आहेत. मी म्हणायचो, एकच. त्या अंथरुणाला खिळल्या, डोळे अधू झाले, तरी मी हटलो नाही. त्यांना एकट्यानं ओळ भरता आली असती. त्या म्हणाल्या, "तुम्हाला दिसेल तेव्हा लिहू. माझ्या शब्दावर नको."

त्या गेल्यावर मी नमुन्यांच्या कुप्या पुन्हा उघडल्या. प्रत्येक नराचं शेपटाचं टोक साफ केलं. तिथं आकड्यासारखे दोन अवयव असतात. काही नरांत त्यांची टोकं गोल, काहींत खाच पडलेली. आधी डावं बघितलं, मग उजवं. एकाही नमुन्यात डावं एक आणि उजवं दुसरं, असं नाही.

इतकं बारीक. त्यांना ते दिसलं होतं, आणि तरी त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या.

ओळ आज सकाळी भरली. तक्ता इथं, त्यांच्या फोटोपुढे ठेवतो.

मंडळी, आता सगळे उभे राहूया. दोन मिनिटं कुणी बोलू नये. मी एवढंच बोलून थांबतो.

मॅडम, दोन आहेत. दोन्ही बाजू बघितल्या.