मांजरपुदिन्याची वाटणी

(दोघी जावा. घरामागची बाग, दुपार. फाटकापाशी धाकटीच्या सामानाची गाडी भरली जातेय; ती वेगळ्या घरात राहायला चाललीय.)

थोरली : ओढू नकोस गं! आधी कडेने माती सैल कर. मुळं तुटतील.

धाकटी : गाडीवाला खोळंबलाय, ताई.

थोरली : खोळंबू दे. आता मधोमध फावडं घाल. अर्धं तुझं, अर्धं माझं. आणि फुलांसकट नेऊ नकोस, निम्म्यावर छाट. वरचा भार उतरला की लवकर मूळ धरतं.

धाकटी : छाटायला हात उचलत नाही हो. दुपारी इथे ह्या फुलांपाशी बसलं की वाटायचं, सगळं घर जांभळ्या पाण्याखाली गेलंय आणि मधमाश्या वर कुठेतरी गुणगुणतायत.

थोरली : कामं टाकून बसायचीस ती ह्यासाठी होय! मला मेलीला वाटायचं, आळशी आहे.

धाकटी : तुम्हीही यायचात की.

थोरली : तुला उठवायला यायची मी.

धाकटी : आणि माझ्याच खांद्यावर डुलक्या काढायच्या. रोपवाल्यानं ‘कॅटमिंट’ म्हणून दिलं, तुम्ही त्याचा मांजरपुदिना करून टाकलात.

थोरली : मग, पुदिन्यासारखाच दिसतो. पुलापलीकडच्या घरात ऊन येतं ना? पाणी बेतानं घाल, लाड केलेस की आडवं पडतं. आणि रुजेपर्यंत वर जाळी ठेव, नाहीतर आपल्या मांजर बाईसाहेब लोळून त्याचा चोथा करतील.

धाकटी : बाईसाहेब येतायत कुठे! सकाळपासून टोपलीकडे फिरकत नाहीत.

थोरली : चार पानं चुरगाळून टोपलीत टाक. नुसत्या उभ्या झाडाकडे ती ढुंकून बघणार नाही. पान चुरगळलं की वास सुटतो, मग असेल तिथून येते.

धाकटी : हे तुम्ही मला सांगताय?

थोरली : मग कोणाला सांगू?

धाकटी : गप्प राहिला असतात तर ती इथेच राहिली असती.

थोरली : मांजर तू आणलंस. मला कुठे मेलं मांजराचं वेड!

धाकटी : तुमच्या शालीवर केस कोणाचे आहेत?

थोरली : तुझं आपलं काहीतरीच. ती बघ, आली! शेपटी बघ.

धाकटी : शिरली की हो टोपलीत. गाल घासतेय. झिंगलीच.

थोरली : आता पेंगेल. झाकण लाव.

धाकटी : थांबा जरा.

थोरली : लाव गं. मला बघवत नाही.

धाकटी : ताई, उद्यापासून ह्या एवढ्या घरात तुमच्याजवळ कोण?

थोरली : रेडिओ आहे.

धाकटी : रेडिओ शालीवर झोपत नाही. मी रोप बादलीतून नेते. टोपली राहू दे इथेच.

थोरली : वेडी आहेस का? तुला करमेल तिच्यावाचून?

धाकटी : नाही करमणार. रविवारी येत जाईन. तुम्हाला उठवायला. हाताला वास बघा कसा लागलाय, अजून येतोय.

थोरली : मग आज हात धुऊ नकोस.