देवळ्याचा पीपी नंबर

...नाही, हसा तुम्ही! पण नाशिकच्या सीबीएस बसस्टँडसमोरचा एसटीडी बूथ, मागे आठ माणसं रांगेत, आणि बायकोला 'स्वीटहार्ट' म्हणायचं... तुमच्यावर आली असती ना ही वेळ, तर कळलं असतं! अर्थ सगळ्यांना ठाऊक हो, पण शब्द वापरायचा कसा ते कोण सांगणार?

तुम्हाला सांगतो, सगळं केलं त्या शेखरने, माझ्या साडूने! शहाण्णव साली, भर पंगतीत बायकोला म्हणतो, "स्वीटहार्ट, जरा वरण वाढ." झालं! आमची मोहिनी तडक माहेरी, देवळ्याला. का? तर सात वर्षांत मी तिला 'अगं ए' सोडून काही म्हटलंच नाही! पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड... 'एकदा तोंडाने म्हणा, तरच येईन.' पोस्टकार्ड! म्हणजे पोस्टमनसकट सगळ्या गल्लीने वाचलेलं! खरं सांगतो, घर खायला उठलं होतं. डिक्शनरी काढली. 'प्रिया. जुना शब्द.' बस, एवढंच! अर्थ कळला, पण शब्द वापरायचा कसा?

लावला फोन. सासुरवाडीला फोन नाही, समोरच्या किराणावाल्या पुंजारामचा पीपी नंबर. तो म्हणतो, "पाव्हनं, ताई तर कांद्याच्या चाळीकडं हे. निरोप सांगा."

निरोप! आता हा काय निरोप द्यायचा शब्द आहे? पण फोन ठेवला तर ती म्हणणार, बघा, नाहीच जमलं! घाम फुटला हो... हळूच म्हटलं.

"जोरात बोला, लाइन खराब हे!"

ओरडलो! मागची रांग माझ्याकडेच बघतेय. आणि त्या पठ्ठ्याने रिसीव्हर बाजूला ठेवून गल्लीत अशी हाळी दिली, की मला इथं नाशिकला ऐकू आली... "मोहिनीताईऽऽ! पाव्हनं तुला स्वीटहार्ट म्हनताय गंऽऽ!"

मग मी रिसीव्हर कानाला लावून उभा. एक मिनिट, दोन मिनिटं... येते की कायमची तिकडेच राहते, शब्द बरोबर वापरला की चुकला, आणि रांगेतल्या एक आजी विचारतायत, "काय रे, येतीय का?"

"पाव्हनं? ताई रडती हे. सकाळच्या एस्टीनं येती म्हने."

आली! पण आजही विचारलं ना, की बाई गं, म्हटलं की नाही मी? तर म्हणते, "तुम्ही नुसता निरोप दिलात. म्हटलं ते पुंजारामभाऊंनी... आणि काय मनापासून म्हटलं!"

दर दिवाळीला त्यांच्याकडे चकल्यांचा डबा जातो. देवळ्याला नेऊन कोण देतं?

...मीच!