ज्याच्या दारात पालखी, त्याला रजा

मी मूळची पूर्णगडची. आई डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची, तिच्या मागून फिरत मी भाव करायला शिकले. आधी गिऱ्हाइकाला बोलू दे गो, मग तू तोंड उघड, हे तिचं. शिक्षण स्वतःच्या हिमतीवर केलं आणि आज रत्नागिरीत सरकारी रुग्णालयात कामगार अधिकारी आहे. म्हणजे कामगार चिडले की माझ्यावर, साहेब चिडले की तेही माझ्यावरच. मीही तापट, सांगून ठेवते.

तर काय सांगू तुम्हाला, गेल्या शिमग्याला आमच्या साहेबांनी, ते घाटावरचे, नवीनच आलेले, हुकूम काढला की होळी झाली, आता कुणालाही रजा नाही. अहो, आमच्याकडे होळीनंतरच तर देवीची पालखी घरोघर फिरते, आणि दारात आली की ओटी भरायला घरचं माणूस नको? सगळे आया, वॉर्डबॉय, सफाईवाले माझ्या खोलीत. युनियनचे सावंतकाका टेबलावर हात आपटून म्हणाले, बाई, उद्यापासून काम बंद. मी म्हटलं, काका, टेबल सरकारी आहे, हळू, आणि बाळंतिणींना पाणी कोण देणार, तुमची पालखी?

मग एकेकाला विचारलं, तुमच्या वाडीत पालखी कधी? कुणाकडे सोमवारी, कुणाकडे गुरुवारी, एका दिवशी सगळ्यांकडे नाहीच! यादी केली, ज्याच्या दारात पालखी त्याला रजा, त्याचं काम दुसऱ्या वाडीचा करील. साहेबांपुढे यादी ठेवली आणि गप्प बसले. शेवटी तेच म्हणाले, संप टळेल ना? म्हटलं, सही करा, टळला.

वरून शाबासकीचं पत्र आलं, साहेबांच्या नावाने. माझं नाव कुठेच नाही. ते मी विसरणार नाही. आणि सगळ्यांच्या पालख्या लिहिताना माझीच लिहायची राहिली, आई गेल्यापासून पूर्णगडच्या घरात मी एकटी, पालखी बंद दारावरून पुढे गेली.

यंदा सावंतकाकाच यादी घेऊन आले, पहिलं नाव माझं. म्हटलं, काका, पुढच्या मागणीची लाच काय? म्हणाले, हो, लाचच, घ्या गप. घेतली. पण यादीखाली तयार करणारी म्हणून माझं नाव ठळक घातलं, मगच साहेबांपुढे ठेवली. त्यांनी नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं, मी नजर हलवली नाही. सही झाली.

परवा दार सताड उघडून देवीची ओटी भरली. म्हटलं, बाय, सगळ्यांचं भलं कर. साहेबांचंही कर, पण जरा लांबच्या गावी नेऊन कर.